रेप्लिका नेमक्या किती? मर्यादांचे आकडे आणि न जुळणारे दस्तऐवज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत डेटाबेस सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींच्या गाठीभेटींत, आणि या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींकडून, रेप्लिकांच्या, म्हणजे एकाच डेटाबेसच्या वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवलेल्या प्रतींच्या, आकड्यांबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर भर जास्त आहे, कारण आकड्यांचा गोंधळ मी तिथेच सगळ्यात जास्त पाहिला आणि त्याचा भुर्दंडही तिथेच भरला.

एका पानावर ‘आठ’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘नऊ’. खरं कोणतं?

दोन्ही खरी. एसक्यूएल सर्व्हर २०१४ पासून एका अव्हेलेबिलिटी ग्रुपमध्ये (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या रेप्लिकांच्या गटात) एक प्रायमरी, म्हणजे जिच्यावर लिहिलं जातं ती प्रत, आणि तिच्यासोबत जास्तीत जास्त आठ सेकंडरी, म्हणजे तिच्या मागे चालणाऱ्या प्रती, ठेवता येतात. प्रायमरी धरली तर नऊ, सोडली तर आठ. २०१२ च्या आवृत्तीत चारच सेकंडरी चालत, म्हणजे एकूण पाच. त्यामुळे जुना लेख वाचलात तर ‘चार’ किंवा ‘पाच’ही दिसेल, आणि त्या आवृत्तीपुरते तेही बरोबरच आहे.

आकडा वाचला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: प्रायमरी धरून की सोडून? या पानावरची निम्मी उत्तरं याच प्रश्नातून निघतात.

सिंक्रोनस रेप्लिकांचं काय? कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार, कुठे पाच लिहिलेलं आहे.

सगळ्यात महागात पडणारा गोंधळ हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो. सिंक्रोनस, थोडक्यात सिंक, म्हणजे सेकंडरीकडे नोंद पोचल्यावरच व्यवहार पक्का होतो; असिंकमध्ये प्रायमरी तिची वाट पाहत नाही.

एसक्यूएल सर्व्हर २०१७ पर्यंत सिंक्रोनस रेप्लिकांची मर्यादा तीन होती, पण प्रायमरी धरून. म्हणजे सिंक सेकंडरी दोनच. २०१९ मध्ये ती पाच झाली, तीही प्रायमरी धरून. म्हणजे सिंक सेकंडरी चार. एकाच गोष्टीचे चार आकडे झाले आणि चारही कुठल्या ना कुठल्या पानावर छापलेले आहेत. त्यात आपोआप फेलओव्हरची, म्हणजे प्रायमरी पडली की सेकंडरीने आपणहून तिची जागा घेण्याची, मर्यादा वेगळी चालते. २०१२ आणि २०१४ मध्ये प्रायमरी धरून दोनच रेप्लिका आपोआप फेलओव्हरसाठी ठेवता येत, २०१६ मध्ये तीन झाल्या आणि २०१९ मध्ये पाच. म्हणून २०१४ साठी ‘सिंक तीन, आपोआप फेलओव्हर दोन’ असं वाचलंत तर ती छपाईची चूक समजू नका.

एक प्रसंग सांगतो. आमच्या एका ग्राहकाकडे २०१७ ची आवृत्ती होती. आराखडा असा: अंधेरीत प्रायमरी, त्याच इमारतीत एक सिंक सेकंडरी, दुसरी ऐरोलीत, तिसरी पुण्यात. आराखडा करणाऱ्याने ‘तीन सिंक्रोनस रेप्लिका’ असं वाचलं आणि तीन सेकंडरी धरल्या. मी तो कागद तपासला आणि माझ्याही नजरेतून ते निसटलं. सर्व्हर आले, लायसन्स आलं. शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री आम्ही पुण्याची रेप्लिका सिंकवर टाकायला गेलो तर कमांडच नाकारली गेली. पुणे असिंकवर ठेवून पहाटे काम संपवलं. तांत्रिक बाजूने फार बिघडलं नाही. पण तिन्ही ठिकाणी डेटाचं नुकसान शून्य, असं लिहिलेला कागद ग्राहकाच्या संचालक मंडळापुढे जाऊन मंजूर झाला होता. तो मागे घेऊन दुरुस्त करायला पुढचे कित्येक आठवडे गेले. त्या दिवसापासून मी ‘रेप्लिका’ हा शब्द नुसता लिहीत नाही. ‘सेकंडरी’ लिहितो, नाहीतर ‘प्रायमरी धरून’ लिहितो.

पण प्रायमरी मोजायचीच कशाला? ती तर मूळ प्रत आहे.

कारण ती कायम प्रायमरी राहणार नाही. आज अंधेरीचा सर्व्हर प्रायमरी आहे, फेलओव्हरनंतर तोच सेकंडरी होतो. म्हणून सिंक किंवा असिंक ही सेटिंग प्रत्येक रेप्लिकेला असते, प्रायमरीलाही. दोन रेप्लिकांमध्ये खरोखर सिंक कमिट (व्यवहार पक्का होणं) व्हायला दोन्हीकडे सिंक लागतं. प्रायमरी स्वतः असिंकवर असेल तर बाकी सगळ्या सिंकवर ठेवूनही उपयोग नाही, सगळा कारभार असिंकच चालतो. हे ध्यानात आलं की प्रायमरी धरून मोजण्याची पद्धत पटते. मला तीच योग्य वाटते. दुःख इतकंच की दस्तऐवजांत ती सगळीकडे सारखी पाळलेली नसते.

२०१९ मध्ये पाच चालतात, मग पाचही सिंक ठेवाव्यात का?

शक्यतो नको. सिंक कमिट म्हणजे प्रायमरीने प्रत्येक सिंक सेकंडरीकडून ‘लॉग (बदलांची नोंद) डिस्कवर लिहिला’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं. जी सगळ्यात हळू, तिच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद, आणि हा झाला भौतिकशास्त्राने ठरवलेला किमान आकडा. मधले स्विच, राउटर आणि केबलचे वळसे त्यावर चढतात. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा, तर किमान दीड मिलिसेकंद. मुंबई-चेन्नई सरळ रेषेतच हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे किमान दहा. एका कमिटला दहा मिलिसेकंद काहीच वाटत नाहीत. पण दिवसअखेरच्या बॅचमध्ये एकापाठोपाठ एक लाख कमिट असतील तर नुसत्या वाट पाहण्यात हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आसपास जातात. पुण्याला तेच अडीच मिनिटांत होतं. म्हणून आधी तुमच्या बॅचमधले कमिट मोजा. दस्तऐवजातल्या मर्यादेकडे नंतर वळा.

सिंक सेकंडरीवर वाचलेला डेटा प्रायमरीइतकाच ताजा असतो ना?

असतोच असं नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेकंडरी निरोप देते तो लॉग डिस्कवर पोचल्याचा. तो लॉग डेटाच्या पानांवर लागू होणं ही पुढची पायरी आहे आणि ती मागे पडू शकते. नुकसान होणार नाही, पण त्या क्षणी वाचणाऱ्याला जुनी शिल्लक दिसू शकते.

सिंक सेकंडरी बंद पडली तर प्रायमरी थांबते का?

हे डेटाबेसवर अवलंबून आहे. एका डेटाबेसचा अनुभव दुसऱ्याला लावला की फसगत ठरलेली.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेकंडरीशी संपर्क तुटून ठरलेली मुदत संपली की प्रायमरी तिची वाट पाहणं सोडते आणि पुढे जाते. ही मुदत मूळ सेटिंगप्रमाणे दहा सेकंद असते. ग्राहकांचे व्यवहार चालू राहतात, पण त्या काळात तुमची ‘शून्य नुकसान’ ही हमी गेलेली असते आणि कुणी बघितलं नाही तर कुणाला कळतही नाही. २०१७ पासून एक सेटिंग आली: कमिटसाठी किमान इतक्या सिंक सेकंडरी हजर हव्यातच, असं सांगता येतं. ती मूळ शून्यावर असते.

मायएसक्यूएलची सेमी-सिंक पद्धतही अशीच. दहा सेकंद वाट पाहून ती असिंकवर उतरते. पोस्टग्रेसचं मात्र अगदी उलट आहे. सिंक म्हणून नाव दिलेला एकच स्टँडबाय (तिथे सेकंडरीला हेच नाव आहे) असेल आणि तो गेला, तर कमिट अडकून बसतात आणि तो परत येईपर्यंत किंवा तुम्ही सेटिंग बदलेपर्यंत बसूनच राहतात. म्हणून तिथे किमान दोन स्टँडबाय ठेवून ‘यांपैकी कोणताही एक’ असं लिहायचं असतं. ही ‘कोणताही’ची सोय पोस्टग्रेस १० पासून आहे. ओरॅकल डेटा गार्डमध्ये हे तुम्ही निवडलेल्या संरक्षण-पातळीवर ठरतं, आणि सगळ्यात कडक पातळीवर एकही सिंक स्टँडबाय पोचत नसेल तर प्रायमरी स्वतःला बंद करून घेते.

माझं मत विचाराल तर रेप्लिकांच्या कमाल मर्यादेपेक्षा ही वागणूक शंभर पटींनी महत्त्वाची आहे. बैठकीत चर्चा मात्र आकड्यावरच होते.

दोन्ही डेटा सेंटर मुंबई-नवी मुंबईत असतील तर चालेल का?

सिंकसाठी उत्तम. पण तेवढ्यालाच डीआर (आपत्तीत कामी येणारी दुसरी जागा) म्हणू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडली तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तिन्हींची वीज एकाच सकाळी गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी जनरेटरचं डिझेल भरायला टँकर पोचणं हीच अडचण होती. रेप्लिका चार असल्या तरी संकट एकच असेल तर त्या एकच धराव्यात.

शेअर बाजारांसाठी सेबीने घालून दिलेल्या चौकटीत हा विचार स्वच्छ दिसतो. डेटाचं नुकसान होऊ नये म्हणून जवळ एक ‘निअर साइट’, आणि त्याखेरीज दूर, शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात डीआर. जवळची जागा सिंक, दूरची असिंक. सहकारी बँकेने किंवा छोट्या ब्रोकरनेही आपल्या ऐपतीप्रमाणे हीच मांडणी करावी असं मी सांगतो. ऐरोली सिंकवर, आणि चेन्नई किंवा हैदराबाद असिंकवर. तीन रेप्लिकांत काम होतं. नऊपर्यंत जायची वेळ फारच थोड्यांवर येते.

दुसऱ्या डेटाबेसमध्ये मर्यादा किती आहेत?

मोंगोडीबीच्या एका रेप्लिका सेटमध्ये पन्नास सदस्य चालतात, पण नवी प्रायमरी निवडायला मतदान करणारे सातच. ३.० च्या आधी एकूण बाराच चालत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत बारा सापडेल. मायएसक्यूएल ग्रुप रेप्लिकेशनमध्ये एका गटात नऊ सर्व्हर. हे नऊ म्हणजे सगळे मिळून, ‘एक अधिक नऊ’ नव्हे. ओरॅकल डेटा गार्डमध्ये ११.२ पासून एका प्रायमरीला तीस स्टँडबाय, त्याआधी नऊ.

यातही मोजण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी, हे बघा. मोंगो आणि मायएसक्यूएल ‘सदस्य’ मोजतात, ओरॅकल ‘स्टँडबाय’ मोजतं, म्हणजे प्रायमरी वगळून. तुलनेचा तक्ता करणारे हे सगळे आकडे एका रकान्यात बसवतात आणि घोळ तिथून पसरतो.

पोस्टग्रेसची मर्यादा कुठे लिहिलेलीच नाही. का?

कारण तिथे ‘कमाल इतके स्टँडबाय’ असा ठरलेला आकडा नाही. ‘मॅक्स वॉल सेंडर्स’ नावाची सेटिंग आहे, तीच व्यवहारात मर्यादा ठरते. आवृत्ती १० पासून ती मूळ दहावर येते, त्याआधी शून्यावर यायची. मात्र हे दहा म्हणजे दहा स्टँडबाय नव्हेत, दहा जोडण्या आहेत. बेस बॅकअप घेताना त्यातल्या दोन जोडण्या वापरल्या जाऊ शकतात, तुटलेली जोडणी काही वेळ जागा अडवून बसते, लॉजिकल रेप्लिकेशनही त्यातूनच जातं. दहा स्टँडबाय लावून दहाचीच मर्यादा ठेवलीत तर रात्रीचा बॅकअप नापास होईल, आणि कारण शोधायला सकाळ उजाडेल.

आणखी एक. हा आकडा वाढवायला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, आणि वाढवताना आधी स्टँडबायवर वाढवायचा, मग प्रायमरीवर. स्टँडबायवरचा आकडा प्रायमरीपेक्षा कमी राहिला तर स्टँडबायवर वाचनाचं काम चालत नाही.

क्लाउडवर ‘रेप्लिका’ म्हणजे तेच का?

नाही, आणि इथे शब्दच फसवतो. ॲमेझॉनच्या ऑरोरामध्ये डेटाच्या सहा प्रती तीन झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटर-समूहांत) ठेवलेल्या असतात आणि त्यावर जास्तीत जास्त पंधरा रेप्लिका लावता येतात. पहिला आकडा साठवणुकीच्या प्रतींचा, दुसरा वाचनासाठीच्या सर्व्हरांचा. एकही रेप्लिका न लावता सहा प्रती असतात, आणि पंधरा लावल्या तरी प्रती सहाच राहतात. ॲमेझॉनच्याच आरडीएस या डेटाबेस सेवेत मल्टी-एझेडचा (दुसऱ्या झोनमधला) नेहमीचा स्टँडबाय आणि ‘रीड रेप्लिका’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यावर वाचता येत नाही, दुसरी असिंक असते. तिथे रीड रेप्लिकांची मर्यादा पूर्वी पाच होती. आता मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पोस्टग्रेससाठी ती पंधरा आहे. ‘पाच’ लिहिलेले लेख अजून शोधात वर येतात.

एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड एडिशनमध्येही नऊ चालतात का?

नाही. तिथे २०१६ पासून ‘बेसिक’ अव्हेलेबिलिटी ग्रुप मिळतो: रेप्लिका दोन, डेटाबेस एक, आणि सेकंडरीवर वाचन नाही. छोट्या कार्यालयाला हे पुरतं.

साक्षीदार किंवा आर्बिटर मोजायचा का?

मतांमध्ये मोजायचा, प्रतींमध्ये नाही. मोंगोचा आर्बिटर सदस्य असतो, मत देतो, पण त्याच्याकडे डेटा नसतो. विंडोज क्लस्टरचा फाइल-शेअर साक्षीदार तर रेप्लिकाही नाही.

सम संख्या ठेवू नये असं का सांगतात?

मतदान बहुमताने होतं म्हणून. तिनातला एक गेला तरी बहुमत राहतं. चारातलाही एकच जाऊ शकतो. चौथ्याचा खर्च वाढला, सहनशक्ती तेवढीच राहिली. पाचात दोन जाऊ शकतात.

‘मर्यादा’, ‘शिफारस’ आणि ‘चाचणी झालेला आकडा’ यांत फरक काय?

मोठा फरक आहे, पण दस्तऐवजांत तिन्हींसाठी बरेचदा ‘पर्यंत’ हा एकच शब्द येतो.

काही मर्यादा सॉफ्टवेअरच लादतं. २०१७ मध्ये चौथी सिंक रेप्लिका, म्हणजे तिसरी सिंक सेकंडरी, लावून बघा, सर्व्हर ऐकणार नाही. काही आकडे म्हणजे कंपनीने तिथवर चाचणी घेतली आहे इतकंच. मायक्रोसॉफ्टने एका यंत्रावर दहा अव्हेलेबिलिटी ग्रुप आणि शंभर डेटाबेस इतकी चाचणी घेतल्याचं सांगितलं आहे, आणि ही बंधनकारक मर्यादा नाही हेही तिथेच नमूद केलं आहे. लोक मात्र ‘शंभरच्या वर चालत नाही’ असं ठामपणे सांगतात. चालतं. पण प्रत्येक डेटाबेस वर्कर थ्रेड (सर्व्हरमधले काम करणारे धागे) खातो, आणि ते संपले की सगळंच अडतं. लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा बसतो तसं आहे. बसता येतं, पण तिघांसाठी बनवलेला बाक चौघांना सोयीचा होत नाही.

आणि काही आकडे नुसत्या मूळ सेटिंग्ज असतात, पोस्टग्रेसच्या दहासारख्या. त्या बदलण्यासाठीच दिलेल्या असतात.

अधिकृत दस्तऐवज एकमेकांशी जुळत का नाहीत? इतक्या मोठ्या कंपन्या आहेत.

निष्काळजीपणा हे कारण सगळ्यात कमी वेळा असतं. मी पाहिलेली कारणं सांगतो.

एकच आकडा दहा-बारा पानांवर लिहिलेला असतो: ओळख, पूर्वअटी, एडिशनांची तुलना, नवीन काय, लिनक्ससाठी वेगळं पान, क्लाउडसाठी वेगळं. आकडा बदलला की ‘नवीन काय’चं पान त्याच दिवशी बदलतं. बाकीची पानं जशी कुणाच्या लक्षात येतील तशी बदलतात. शिवाय वाक्यं आधीच्या वाक्यांवर रचली जातात. ‘तीन’च्या जागी ‘पाच’ घालताना पुढचं ‘सेकंडरी’ तसंच राहिलं की नवीनच चुकीचा आकडा जन्माला येतो, जो कुठल्याच आवृत्तीत खरा नव्हता. जुळत नाहीत अशा जोड्यांपैकी मला सगळ्यात धोक्याच्या या वाटतात, कारण त्या ताज्या दिसतात.

नावं बदलतात, तेही एक कारण. मायएसक्यूएलने ८.०.२२ पासून ‘स्लेव्ह’ऐवजी ‘रेप्लिका’ शब्द असलेल्या कमांड दिल्या आणि ८.४ मध्ये जुन्या काढून टाकल्या. नाव बदलणं योग्यच होतं. पण जुनं पान शोधणाऱ्याला नवा शब्द सापडत नाही, आणि नवं पान शोधणाऱ्याला जुना इशारा सापडत नाही.

मग विश्वास ठेवायचा कशावर?

सर्व्हरवर. तुमच्याच आवृत्तीचा, तुमच्याच एडिशनचा, अपडेटसकट. दोन-तीन व्हर्च्युअल मशीनवर हवी ती मांडणी करून बघायला एक दिवस पुरतो. मर्यादेपर्यंत जा, मग तिच्यापुढे एक पाऊल टाका आणि नकार खरंच येतो का ते बघा. आलेला संदेश जसाच्या तसा जपून ठेवा. डेव्हलपर एडिशनवर घेतलेली चाचणी स्टँडर्डला लागू करू नका. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत डेव्हलपरमध्ये एंटरप्राइझच्या सगळ्या सोयी असतात, आणि ही चूक मी दोनदा पाहिली आहे.

चाचणीचं यंत्र मिळतच नसेल तर पानाच्या वर आवृत्ती निवडायची जी सोय असते ती आधी तपासा. बरेच जण सगळ्यात नवीन आवृत्तीचं पान वाचतात आणि २०१६ वर लावायला जातात.

दस्तऐवजात चूक सापडली तर कुठे कळवायची?

मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल सर्व्हरची पानं गिटहबवर आहेत, तिथे थेट दुरुस्ती सुचवता येते. पोस्टग्रेसच्या प्रत्येक पानाखाली दुरुस्ती कळवायचा दुवा असतो. मायएसक्यूएलच्या बग नोंदणीत दस्तऐवजांसाठी वेगळा विभाग आहे. कळवताना दोन्ही पानांची वाक्यं, आवृत्ती आणि तुमच्या चाचणीचा निकाल द्या. आपल्याकडे चूक सापडली की व्हॉट्सॲप गटावर टाकून पुढे जायची सवय आहे. कृपा करून दहा मिनिटं काढा आणि मुळात कळवा. पुढच्या माणसाची रविवारची रात्र वाचते.

आमच्या स्वतःच्या आराखड्यात हे कसं लिहावं?

आकडा कधी एकटा लिहू नका. आवृत्ती, एडिशन, काय मोजलं, प्रायमरी धरली का, मर्यादा लादलेली की सुचवलेली, आणि कधी तपासली, हे सगळं त्याच ओळीत हवं. आमच्याकडे आता अशी ओळ असते:

‘एसक्यूएल सर्व्हर २०१९ एंटरप्राइझ. एकूण रेप्लिका ३, प्रायमरी धरून. सिंक २ (अंधेरी प्रायमरी, ऐरोली), असिंक १ (चेन्नई). सिंकची लादलेली मर्यादा ५, प्रायमरी धरून. चाचणी सर्व्हरवर तपासली, संदेश सोबत जोडला आहे. ऐरोली दहा सेकंदांपेक्षा जास्त तुटल्यास व्यवहार चालू राहतील, शून्य नुकसानाची हमी राहणार नाही; इशारा ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर जाईल.’

यातलं शेवटचं वाक्य संचालक मंडळाच्या कागदातही जसंच्या तसं जातं, आणि त्यावर सही घेतल्याशिवाय आम्ही सर्व्हरची ऑर्डर देत नाही.